गाभणीची वाट

"आवळ की अजून."

"लई आवळलं तर पायातलं रगत थांबंल."

"आन सैल ऱ्हायलं तर मी थांबंन. आवळ."

वच्छलानं ट्यूबची पट्टी दातात धरून ओढली आणि महिपतीचा उजवा पाय पायडलाला गच्च बांधला. पट्टी सायकलच्या जुन्या ट्यूबची होती. रोज बांधून बांधून पावलावर तिचा काळा वळ उठला होता. डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर वरून धोंडा गडगडत आला आणि गुडघ्यावर बसला. हाड सांधलं, पण वाक गेली ती गेलीच. म्हणून सायकलचं डाव्या अंगाचं पायडल दांडीसकट काढून टाकलं होतं. तो पाय काठीसारखा बाजूला लोंबायचा आणि उजव्याला दोघांचं काम करावं लागायचं. खाली दाबायचं, वरही ओढून घ्यायचं. बांधल्याशिवाय पायडल वर येत नव्हतं.

वाडी पांढऱ्या माळाच्या डोक्यावर होती. माळाची कड जिथं संपते तिथून खाली बघितलं की सोलापूरकडं जाणारा रस्ता दिसायचा, आणि त्या रस्त्याच्या टोकाला अक्कलकोट रोडवरचे चादरींचे कारखाने. डोळ्याला अगदी जवळ. पण मधे ही कड होती, मुरमाची, ओघळींनी फाडलेली, धोंड्यांनी भरलेली. गाडीरस्ता होटगीच्या अंगानं मोठा वळसा घालून जायचा. महिपती त्या रस्त्यानं जायचा.

त्याच्या शेजारून वाडीतली तरणी पोरं सायकली घेऊन आली. जोतीराम सगळ्यांच्या पुढं. कडेच्या टोकाशी आला, शीळ घातली आणि सायकल सरळ ओघळीत सोडली. मुरूम उडाला. चाकं धोंड्यावरून उडाली, पुन्हा टेकली. मागोमाग बाकीची. बघता बघता सगळी खाली रस्त्यावर, बारकी बारकी, मुंग्यांसारखी.

"पोचली बी," वच्छला म्हणाली आणि म्हटल्यावर जीभ चावली.

महिपतीनं तिच्या खांद्यावर हात दाबून तोल घेतला आणि गाडीरस्त्याला लागला.

त्या दिवशी तो दुपारी परत आला.

वच्छला शेण थापत होती. तिनं त्याला लांबूनच बघितलं. सायकलीवर बसलेला नव्हता, सायकलीला धरून चालत होता. सोजरबाई, त्याची आई, उंबऱ्यात बसून वाकळ शिवत होती. तिची सुई थांबली.

"येळेवर पोचलो व्हतो," तो आल्या आल्या म्हणाला, जसं काही त्याला कुणी विचारलं होतं. "पर गुडगा सुजला. मागापुढं उभं ऱ्हाता येईना. धागा तुटला, वाकलो आन तसाच खाली बसलो. वीरभद्रप्पानं बघितलं."

वीरभद्रप्पा कारखान्यातला जॉबर. मागावर कोण राहणार आणि कोण जाणार हे तो ठरवायचा.

"काय म्हनला?"

"म्हनला, काय रं, मला उभा मानूस पायजे. पुन्यांदा असा अर्ध्या पाळीतनं घरी धाडायची पाळी आली तर सरळ घरीच ऱ्हा. तुज्या मागाला दुसरा उभा हाय."

वच्छलानं धोतराचा काठ वर सारून बघितलं. गुडघा दुध्या भोपळ्यासारखा झाला होता, कातडी ताणून चकाकत होती. तिनं मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि शेकायला बसली. तो दात खाऊन छपराकडं बघत राहिला. शेळ्यामेंढ्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. पण दुष्काळात मेंढरांचा निम्मा खांड तडफडून मेला, आणि उरल्यातला आपला वाटा विकून महिपतीनं ही सायकल घेतली होती. धाकटा भाऊ गुंडा आपल्या वाट्याची मेंढरं घेऊन अजून माळावर हिंडत होता. सायकल आल्यापासून भावाशी तो नीट बोलत नव्हता. "लोखंडाला लोकर येत न्हाई, दादा," एवढंच तेव्हा म्हणाला होता.

"उद्यापास्नं मी बी उभ्या ओघळीनं जातो," महिपती म्हणाला.

"पाय बांधलेला असताना?"

"मंग काय सोडून जाऊ?"

आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच गेला. वच्छला मागं धावली, पण सायकल सुटली होती. ओघळीच्या पहिल्याच खोबणीत पुढचं चाक अडकलं. बाकीची पोरं पडली तर पाय टेकून, उडी टाकून मोकळी व्हायची. याला तेवढीही सोय नव्हती. बांधलेला पाय सायकलीबरोबर गेला, सायकल त्याच्यावर, तो धोंड्यांवर. वच्छला बसत घसरत खाली गेली. पट्टी सुटेना. तिनं दातानं तोडली.

"कारखाना," तो म्हणाला. तोंडात मुरूम होता.

"जावा की. पयलं मेलाय का जित्तं हाय ते तर बगा."

तो गेला. कपाळाचं रक्त पुसत, लंगडत, उरलेल्या पट्टीनं पाय बांधून. वेळेवर पोचला, आणि गुडघा आणखी सुजला नाही म्हणून पाळी पुरी केली. वाट जवळची असेल तर गुडघा साथ देत होता. म्हणजे वाट हीच, या कडेनं जाणारी. फक्त माणूस जिवंत राहील अशी पाहिजे होती.

वच्छला तिथंच ओघळीच्या काठी बसून राहिली. समोरून गुंडाची मेंढरं कड उतरत होती, खालच्या ओढ्याला पाणी प्यायला. तिनं जन्मभर मेंढरं बघितलेली, धनगराची लेक ती. पण माणूस रोजचं बघतो तेव्हा बघत नाही. आज तिनं बघितलं.

नर आणि शिंगाळे सरळ ओघळीतनं उड्या टाकत गेले. मोठा खांड मधल्या अंगानं, धोंड्यांच्या पायऱ्यांवरून, एकमेकांना ढुसण्या देत. आणि चार-दोन मेंढ्या मागं राहिल्या. पोटं जड झालेल्या. त्या उडी मारेनात, पायरीवरून उतरेनात. एक पुढं झाली, हुंगत हुंगत कडेला आडवी चालायला लागली, मग एका मोठ्या धोंड्याला वळसा, मग उलटी आडवी, मग पुन्हा वळसा. पोटातलं हलू न देता, धाप न लागता ती खाली उतरली. बाकीच्या तिच्या मागोमाग.

वच्छला उठली. त्या मेंढीच्या खुरांवर खूर ठेवावेत तशी पावलं टाकत ती खाली गेली. कुठंही हाताला आधार लागला नाही.

"भावजी," तिनं ओढ्याकाठी गुंडाला गाठलं. "मेंढरं उद्या या वाटनं घालाल का? सारी. दोनतीनदा."

"कशाला?"

"वाट पडाया."

गुंडानं काठीवर हनुवटी टेकली. "कुनासाटी? सायकलीसाटी व्हय?"

"तुमच्या भावासाटी."

"भावानं मेंढरं इकली, वैनी. आता मेंढरांनी त्याची वाट करायची?"

"व्हय. करायची." तिचा आवाज फाटला. "आज ओघळीत पडला व्हता त्यो. मी दातानं पट्टी तोडली. उद्या तुमी असाल तितं, न्हाईतर कोन बी नसंल."

गुंडानं काठीच्या टोकानं मुरूम टोकरून बघितला. "पानी पडू द्या एक झड," म्हणाला. "सुक्या मुरमात खूर रुतत न्हाई."

झड आली. मृगाच्या तोंडची, बारीक, अंग भिजवेल न भिजवेल अशी. मुरूम हळव्या भाकरीसारखा मऊ झाला. गुंडानं सगळा खांड त्या आडव्या वाटेवर घातला, खाली नेला, वर आणला, पुन्हा खाली नेला. बारकी बारकी खुरं मुरूम ठोकत गेली. मागं वच्छला पहार घेऊन. धोंडा उपटायचा, ढकलायचा, खड्डा घमेल्यानं भरायचा आणि मेंढरं पुन्हा त्यावरून न्यायची. वळणावर चाक घसरू नये म्हणून बाहेरच्या अंगाला धोंड्यांची ओळ लावायची. दुपारी सोजरबाई भाकरी घेऊन आली ती परत गेलीच नाही. खाली बसून, बसल्या बसल्या पुढं सरकत, ती बारके खडे वेचून ओच्यात टाकू लागली.

"आत्याबाई, कंबर धरंल."

"धरंल तर धरंल. बसून शिवायचं ते बसून येचते. काय फरक?"

दिवस गेले. वच्छलाच्या तळहाताची कातडी सोलून निघाली, तिच्यावर पुन्हा कातडी आली. महिपती संध्याकाळी कारखान्यातून आला की न बोलता पहार उचलायचा, उभ्यानं जेवढं करता येईल तेवढं करायचा. एका वळणावर दोघं भाऊ एकाच धोंड्याला भिडले. धोंडा निघाला, बोलणं काही निघालं नाही.

मग एका सकाळी वच्छलानं पट्टी बांधली आणि महिपती त्या वाटेनं उतरला. पहिला आडवा टप्पा, वळण, ब्रेकचा किरकिर आवाज, दुसरा टप्पा. लोंबता पाय त्यानं वळणावर खाली टेकवला तर तो टेकला. तो खाली पोचला. वर बघितलं नाही. सरळ रस्त्याला लागला. वच्छला पदर तोंडाशी धरून उभी होती ती तशीच खाली बसली.

वाट एकट्या महिपतीची राहिली नाही. वाटा राहतच नसतात. कॅरिअरला पोतं बांधून जाणारे म्हातारे त्या वाटेनं जाऊ लागले. चंद्रव्वा, नवरा गेल्यापासून त्याची सायकल हातानं ढकलत तिच्यावर भाजीची पाटी बांधून होटगीला नेणारी, तीही त्या वाटेनं. तिला सायकलीवर बसता येत नव्हतं, ढकलता येत होतं. अंगात दम असेल त्यानं ओघळीतनं जावं, नसेल त्यानं आडव्या वाटेनं. आणि संध्याकाळी वर चढताना मात्र जोतीरामच्या टोळीतली पोरंही मुकाट त्याच वाटेनं यायची, कारण ओघळीतनं उतरता येतं, चढता येत नाही.

पण सकाळची गोष्ट वेगळी होती. सकाळी अंगात रग असते.

"कोन रं त्यो?" जोतीराम कडेवरून ओरडायचा. "गाभणीच्या वाटनं कोन चाललाय? महिपती का? कितवा म्हैना, महिपती?"

पोरं सायकलीवर वाकून हसायची. नाव पडलं ते पडलंच. गाभणीची वाट. महिपती मान खाली घालून उतरायचा. त्याच्या मानेवरची शीर उठलेली वच्छलाला वरून दिसायची. एकदा रात्री जेवताना तो म्हणाला, "उद्या ओघळीनं जातो," आणि सोजरबाईनं त्याच्या ताटलीतली भाकरी उचलून घेतली. "जा. मंग उपाशीच जा. मरनाऱ्याला भाकरी कशाला?" तो गेला नाही.

बेंदराला आठवडा असताना वाटेवर काटी पडली.

बोरीची मोठी फांदी, वाळून पांढरी झालेली, तिसऱ्या वळणावर आडवी टाकलेली. महिपतीचं पुढचं चाक तिच्यावर गेलं आणि हवा सुटली. तो सायकल ढकलत कारखान्यात गेला. त्या दिवशी वेळ टळली. वीरभद्रप्पानं नुसतं फाटकाकडं बोट केलं आणि मग ते बोट खाली घेतलं. "आजचा दिवस," म्हणाला. "पुढं न्हाई."

तिसऱ्या वळणापासून वरचा उतार आण्णाच्या रानाचा शेपूट होता. पड, कुसळी गवताशिवाय तिथं काही उगवत नव्हतं. वच्छला दुसऱ्या दिवशी आण्णाकडं गेली. आण्णा साठीचा, कोरडा, नाकावर येणारा चष्मा दोऱ्यानं बांधलेला. बैलाची शिंगं तासत होता.

"आण्णा, काटी तुमी टाकली व्हय?"

"माजं रान. माजी काटी."

"गवत बी न्हाई तितं, आण्णा. कुनाचं काय जातंय?"

आण्णानं हातातला विळा थांबवला. "माज्या बापाला बी असंच कुनीतरी इचारलं व्हतं. काय जातंय म्हनून. मंद्रूपच्या रानातनं त्यानं एकाची गाडी जाऊ दिली. वीस वरीस. मग त्यो म्हनला वहिवाट हाय. कोर्टानं बी तेच म्हनलं. रान बापाचं, आन बापाला त्या वाटवर बाबळीचं झाड लावायची चोरी झाली. मरूस्तवर म्हनायचा, मी दिलं न्हवतं, मी नुसतं न्हाई म्हनलो न्हाई." त्यानं विळा पुन्हा शिंगावर घासायला सुरुवात केली. "मी न्हाई म्हनतोय. आत्ताच म्हनतोय."

वच्छला घरी आली आणि चुलीपुढं बसली. सोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग काटी मागा," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"माज्या माहेरी व्हतं. दुसऱ्याच्या रानातनं ज्याला वाट पायजे त्यानं बेंदराच्या दिशी आपल्या हातानं काटी तोडून त्या वाटवर आडवी टाकायची. दिस उगवल्यापास्नं बुडस्तवर त्या वाटनं कुनी जायाचं न्हाई. मानूस न्हाई, बैल न्हाई. दिस बुडाला की रानाचा मालक येतो आन काटी उचलतो. साऱ्या गावानं बघितलं की रान कुनाचं. मंग वरीसभर जावा. कुनी वहिवाट म्हनाया ऱ्हात न्हाई. आण्णाला ठावं असंल, म्हातारं हाय."

"मग मी जाते मागाया."

"ज्याला वाट पायजे त्यानंच मागायची. बाप्यानं."

महिपती भिंतीला टेकून उभा होता. "मी त्याच्या दारात जाऊन उभा ऱ्हाऊ?"

"बसाया तर येत न्हाई तुला," आई म्हणाली. "उभाच ऱ्हा."

तो गेला. वच्छला कुडाच्या मागं थांबली. आण्णाच्या अंगणात बेंदराची तयारी चालली होती, वाडीतले चार लोक बसलेले. मागणारा माणूस उकिडवा बसून मागतो. महिपती उभा राहिला.

"बस," आण्णा म्हणाला.

"बसता येत न्हाई."

"मागाया आला आन ताठ उभा?"

महिपती उजव्या पायावर वाकला, हातावर भार घेतला आणि बूड टेकून बसला. डावा पाय समोर ताठ, पाऊल नेमकं आण्णाच्या तोंडाकडं. सगळ्यांच्या नजरा त्या पावलावर गेल्या. वडीलधाऱ्याला पाय दाखवून कुणी मागत नाही. महिपती सरकत सरकत फिरला, पाय भिंतीकडं जाईपर्यंत. आता त्याचं तोंडही भिंतीकडं झालं. आणि भिंतीकडं बघतच तो म्हणाला,

"आण्णा, रान तुमचं हाय. मला काटी द्या."

बैल रवंथ करत होता तेवढाच आवाज.

"काटी मागनारा बघून लई वर्सं झाली," आण्णा हळू म्हणाला. मग त्याचा आवाज पुन्हा कोरडा झाला. "दिली. पर दिस उगवल्यापास्नं बुडस्तवर. एक चाक गेलं, एक पाऊल उमटलं, तर ही काटी कायमची. आन तू टाकलीस म्हनून तुलाच जास्त बंदी."

घरी येताना महिपतीनं वच्छलाकडं बघितलं नाही. मग म्हणाला, "बेंदराला कारखाना चालू हाय."

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

गाडीरस्त्यानं जावं तर पोचेल, पण उभा राहणार कोण? एस.टी. वाडीला यायची ती ऊन वर आल्यावर. ओघळ तर नकोच. मधल्या अंगानं, धोंड्यांच्या पायऱ्यांवरून चालत उतरावं तर चढण कशीबशी करणारा गुडघा उतरणीला दगाच देतो, एका पायरीला एक घटका. वीरभद्रप्पानं बोट खाली घेतलं होतं ते एकदाच. वच्छला रात्रभर कूस बदलत राहिली. शेजारी महिपतीही जागाच होता. दोघांनी एकमेकांना कळू दिलं नाही.

बेंदराच्या पहाटे महिपतीनं आपल्या हातानं बोरीची फांदी तोडली, तिसऱ्या वळणावर नेली, आडवी टाकली. हाताला काटा लागला तो चोखत वर आला. पूर्व तांबडी झाली होती. वाडीत बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज सुरू झाला होता. कडेवर जोतीरामची पोरं सायकली घेऊन उभी होती, निघायच्या बेतात.

आणि गुंडा आला. धोतर मांड्यांपर्यंत खोचलेलं, डोक्याचं मुंडासं सोडून कमरेला बांधलेलं. त्यानं भावाकडं बघितलं नाही, वहिनीकडं बघितलं.

"सायकल तुमी घ्या, वैनी. ह्याला मी घेतो."

"कुटं घेतोस?" महिपती म्हणाला.

गुंडा वाकला. लंगड्या मेंढराला उचलतात तसा त्यानं एक हात भावाच्या दोन्ही मांड्यांमागून घातला, दुसऱ्यानं मनगटं धरली आणि सबंध माणूस मानेमागं आडवा टाकला. पोट गुंडाच्या मानेवर, ताठ पाय एका खांद्यावरून पुढं वल्ह्यासारखा.

"सोड! गुंड्या, सोड मला! पोरं बघत्यात!"

"बघू दे. हलू नको. हललास तर दोघं बी जाऊ."

गुंडानं धोंड्यांच्या मधल्या वाटेवर पाय टाकला. मागं वच्छला, सायकलची दांडी खांद्यावर, पुढचं चाक छातीवर आपटत होतं. एकेक पायरी. गुंडा आधी पावलानं धोंडा चाचपायचा, मग भार द्यायचा. त्याच्या पोटऱ्यांतल्या शिरा दोऱ्यांसारख्या उठल्या. एक धोंडा पायाखालून सुटला, गडगडत खाली गेला. तिघंही थिजले. खाली तो थांबल्याचा आवाज बराच उशिरा आला.

मग कडेवरच्या पोरांतनं कुणीतरी, बहुतेक जोतीरामच, तोंडाला हात लावून ओरडला, "ब्याँऽऽ!"

हसू फुटलं. वच्छलाच्या अंगाला आग लागली. सायकल टाकून वर जावं आणि एकेकाच्या थोबाडात द्यावी असं झालं. पण पाय धोंड्यावर होता. तिला महिपतीचा चेहरा दिसत नव्हता, फक्त उलटी लोंबणारी मान दिसत होती, आणि ती मान लाल होत चालली होती.

मग त्या मानेतून आवाज निघाला. मोठा, जाड, माळ दणाणून सोडणारा, माजलेल्या नराचा. "बाँऽऽऽ!"

कडेवरचं हसू तुटल्यासारखं थांबलं. खालच्या ओढ्याकाठी गुंडाची मेंढरं चरत होती, त्यांनी माना वर केल्या. आणि एक म्हातारी मेंढी खरंच ओरडली, उत्तर दिल्यासारखी.

"गप ऱ्हा की रं," गुंडा म्हणाला, पण त्याचं पोट हलायला लागलं. "दादा, गप. हसाया येतंय. पडू आपुन."

"तुला म्हनलं व्हतं सोड म्हनून."

"लहानपनी बी असंच वरडायचास. बा फसायचा."

"तूच फसायचास. काठी घिऊन नर हुडकाया पळायचास."

गुंडा एका पायरीवर थांबला, डोळे मिटून हसू गिळलं, आणि मग पुढचा पाय टाकला. वच्छला मागं उभी राहून रडत होती की हसत होती ते तिलाच कळेना. दोन वर्षांत दोघं भाऊ एवढं बोलले नव्हते.

खाली पोचल्यावर गुंडानं त्याला सायकलीवर बसवलं. वच्छलानं पट्टी बांधली. गाठ बसेना. लांब शहराकडून गिरणीचा भोंगा वाजला. पहिला. दुसरा वाजायच्या आत फाटक गाठायचं होतं. महिपतीनं पाय दाबला आणि गेला.

मग उरलं ते बसणं.

वच्छला वर आली आणि कडेवर बसली. तिथून काटी दिसत होती आणि खालचा रस्ताही. वाडीत बैल रंगवत होते, शिंगांना बेगड लावत होते, कुणाच्या तरी घरात पुरण शिजत होतं त्याचा वास वाऱ्यावर आला. सोजरबाईनं हाक मारली ती तिनं ऐकली नाही. चंद्रव्वा भाजीची सायकल घेऊन कडेपर्यंत आली, काटीकडं बघितलं, आणि गुपचूप परत फिरली. "आजचा दिस भाजी घरात," म्हणाली.

पोचला असेल तर पाळी सुरू झाली असेल. गुडघ्यानं दगा दिला असेल तर दुपारपर्यंत रस्त्यावर दिसेल, सायकलीला धरून चालणारा. जात्यावर बसल्यापासून बाई गाते ते घरधनी यावा म्हणून. वच्छलाला तशा किती तरी ओव्या येत होत्या. एक सवयीनं ओठांवर आलीच:

दिस माळी बुडायाला, धूळ कुनाची दिसती,
माझ्या गं भरताराच्या चाकाखाली वाट हसती.

तिनं ती अर्ध्यावर तोडली. आज धूळ दिसायला नको होती. जन्मात पहिल्यांदा ती नवरा येऊ नये म्हणून बसली होती.

ऊन डोक्यावर आलं. रस्त्यावर एक ठिपका दिसला. पायी. एका अंगाला झुकलेला. वच्छला उठून उभी राहिली. ठिपका मोठा झाला, दोन झाला. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई आणि तिचं पोर. वच्छला पुन्हा खाली बसली.

ऊन कललं. कुणी आलं नाही. पण कुणी आलं नाही याचा अर्थ तरी काय? वाटेत पडला असेल. किंवा फाटकावरून परत फिरवलं असेल आणि घरी तोंड कसं दाखवावं म्हणून कुठल्या तरी झाडाखाली बसला असेल. त्याला ओळखत होती ती. आता तिला येणं हवं होतं की नको होतं तेच समजेना.

दिवस कासराभर राहिला तेव्हा आण्णा आला. नवं धोतर, चष्म्याचा दोरा कानामागं. वाटेनं खाली उतरून काटीच्या वरच्या अंगाला उभा राहिला. वच्छला पडीच्या बाहेर, वरच्या टोकालाच थांबली.

खालून सायकली आल्या. पुढं महिपती. एका पायानं दाबत, चढावर उठत बसत. मागं पाळी सुटलेले सगळे, पोत्यावाले म्हातारे, जोतीरामची पोरं. काटीशी येऊन महिपती थांबला. सगळे त्याच्या मागं थांबले.

आण्णानं पडीवर नजर फिरवली. काटी टाकताना महिपतीची उमटली होती ती पावलं सोडली तर सबंध दिवसात चाकाची एक रेघ नव्हती, पावलाचा एक ठसा नव्हता. आदल्या रात्रीच्या झडीनं धुतलेला मुरूम तसाच पांढरा होता.

"बरं," तो म्हणाला आणि वाकला. "उचलतो."

"दिस हाय की अजून, आण्णा," महिपती म्हणाला.

आण्णा थांबला. मागं वळून बघितलं. सूर्य खरंच होता, माळाच्या रेघेवर टेकायला आलेला.

"एवढ्यात काय हुतंय," जोतीराम मागून पुटपुटला आणि सायकल उचलून धोंड्यांच्या कडेनं पाय टाकू लागला. महिपतीनं हात आडवा केला. जोतीरामनं त्या हाताकडं बघितलं, मग महिपतीकडं, आणि पाय मागं घेतला.

उभे राहिले सगळे. काटीच्या अल्याड आण्णा, पल्याड महिपती, दोघांच्या मधे एक हाताचं अंतर. वाडीतनं बैलांच्या मिरवणुकीची हलगी ऐकू येत होती. कुणी हललं नाही. सूर्य टेकला, पसरला, बुडाला.

आण्णानं काटी उचलली. बोटाला रक्त आलं ते धोतराला पुसलं.

"जावा," म्हणाला.

"तुमी म्होरं व्हा," महिपती म्हणाला. "रान तुमचं."

आण्णा काटी हातात धरून पुढं निघाला. म्हाताऱ्याची चाल. त्याच्या मागं महिपती, पट्टी सोडून, सायकलीवरून उतरून, तिला धरून, ताठ पाय ओढत. त्याच्या मागं एकामागं एक सगळे, त्या दोघांच्या चालीनं, वळणाला वळसा घालत. कुणी घंटी वाजवली नाही, कुणी पुढं घुसलं नाही.

वच्छला वाटेच्या कडेला सरून उभी राहिली. महिपती जवळ आला तसं तिला विचारायचं होतं, पण सगळ्यांपुढं तोंडातून शब्द निघेना. मग तिनं बघितलं. त्याच्या डोक्यावर, भुवयांवर, मिशांवर, कानाच्या पाळ्यांवर सुताची बारीक पांढरी पिंजर बसली होती, दाट, मेंढराच्या पिलाला पहिली लोकर येते तशी. अर्ध्या पाळीत एवढी बसत नाही.

तिनं पदर ओला केला आणि चालता चालता त्याची एक भुवई पुसली. दुसरी तशीच राहू दिली.

"ब्याँ," ती हळूच म्हणाली, फक्त त्याला ऐकू येईल एवढं.

"वरडू नगं," महिपती म्हणाला. "गुंड्या काठी घिऊन यील."